साधं पाणी

"पाणी साधं की बाटलीचं?" सहदेवने विचारलं, आणि सात नंबरवर बसलेली मुलगी म्हणाली, "साधं." एवढंच झालं. एप्रिलातल्या रविवारची दुपार, पावणेदोनचा सुमार, ठाण्यात खोपटच्या एस.टी. डेपोमागच्या त्या हॉटेलात एकही टेबल रिकामं नव्हतं आणि सहदेवच्या हातात पाण्याचा जग होता. आवाज कुठेतरी ऐकलाय असं त्याला वाटलं, पण दिवसभरात असे शंभर आवाज ऐकल्यासारखे वाटतात. त्याने समोरच्या मुलाचा ग्लास भरला. मग मुलीचा भरायला वाकला तेव्हा त्याला तिचं मनगट दिसलं. मनगटाच्या आतल्या बाजूला भाजल्याचा जुना डाग होता, चिंचोक्याएवढा. तो डाग कसा पडला हे सहदेवला पक्कं ठाऊक होतं, कारण तो पडला तेव्हा तवा त्याच्याच हातात होता. त्याने ग्लास काठापासून बोटभर कमी भरला, नेहमी भरतो तसाच. एक थेंब सांडला नाही. "ऑर्डर ठरली की बेल दाबा, मॅडम," तो म्हणाला आणि अकरा नंबरची ताटं उचलायला गेला. मुलगी त्याचीच होती. अक्षदा तिचं नाव, वय चोवीस, कल्याणला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. अकरा नंबरच्या ताटांत आमटीच्या वाट्या तशाच होत्या, त्या त्याने एकात एक रचल्या आणि आत मोरीवर नेऊन ठेवल्या. तिथून तो लगेच बाहेर आला नाही.

वेटरकडे कोणी पाहत नाही अशी वेटर लोकांची नेहमीची तक्रार असते. वेटरही कोणाकडे पाहत नाही, ही गोष्ट मात्र ते बोलून दाखवत नाहीत. सहदेवला बावीस वर्षांत चेहरे फारसे दिसलेच नव्हते. त्याला हात दिसत. मेनूकार्डावर बोट कुठे अडखळलं, ग्लास किती उरला, पोळी संपायच्या आत भाजी संपणार की भाजीच्या आत पोळी, एवढं दिसलं की त्याचं काम भागे. हे शिकवलं मोठ्या शेठनी, आणि शिकवलं ते असं की मरेपर्यंत विसरू नये. सहदेव महाडकडच्या गावातून नुकता आलेला, कामावर लागून चार महिने झालेले. एका साहेबांना बघून त्याला आनंद झाला आणि तो बोलून गेला, की साहेब, परवा आलेलात तेव्हा वहिनींनी सोलकढी दोनदा मागवलेली, आज आणू का? त्या दिवशी शेजारी बसलेल्या वहिनी वेगळ्या होत्या आणि त्यांना सोलकढी आवडत नव्हती. साहेब अर्ध्या जेवणावरून उठले. शेठ ओरडले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सहदेवला सकाळी अकरापासून काउंटरशेजारी उभं केलं आणि दारातून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडे हनुवटी करून विचारायला सुरुवात केली, "ह्यांना ओळखतोस?" सहदेवने "नाही शेठ" म्हणायचं. पोस्टमन आला, ओळखतोस, नाही शेठ. समोरचा सायकलवाला आला, नाही शेठ. बाकीच्या वेटरांना आधी गंमत वाटत होती, एक वाजेपर्यंत त्यांनीही मान खाली घातली. दोनच्या सुमाराला सहदेवचे गावच्या शाळेतले गुरुजी आले. त्यांना महाडची गाडी पकडायची होती, त्याआधी चहा घ्यावा म्हणून हातातल्या पिशवीसकट ते आत शिरले आणि सहदेवला बघून त्यांचा चेहरा फुलला. ते "अरे" एवढंच म्हणाले. शेठनी हनुवटी केली. "ह्यांना ओळखतोस?" सहदेव म्हणाला, "नाही शेठ." गुरुजींनी ते ऐकलं. त्यांनी चहा घेतला, कपबशी स्वतः उचलून काउंटरवर आणून ठेवली आणि ते गेले. चार वाजता शेठनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "आणि मला?" "नाही शेठ," सहदेव म्हणाला. तेव्हा शेठ खदखदून हसले, त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले की आता तू वेटर झालास, आणि त्यांनी आतून शिऱ्याची बशी मागवली. शिरा साजूक तुपातला होता आणि सहदेवला सकाळपासून काही मिळालं नव्हतं. त्याने तो सगळा खाल्ला. गुरुजींची आठवण आली की त्याला आधी तो शिरा आठवतो.

मोठे शेठ गेले त्याला सहा वर्षं झाली. आता त्यांचा मुलगा देवेश बघतो, म्हणजे अक्षरशः बघतो. तो घोडबंदरच्या घरी सोफ्यावर बसलेला असतो आणि हॉटेलातले आठ कॅमेरे त्याच्या मोबाइलवर असतात. देवेशला वाईट म्हणायला गेलं तर पुरावा सापडत नाही. तो शिवी देत नाही, आवाज चढवत नाही, सहदेवला काका म्हणतो. फक्त काउंटरवरचा फोन वाजतो आणि मॅनेजर कुंडलिक फोन ठेवून हळूच येऊन सांगतो, की शेठ म्हणतायत, काकांना सांगा कमरेवर हात ठेवून उभे राहू नका, गिऱ्हाइकाला वाटतं कंबर दुखतेय. कंबर दुखतच असते. देवेशने हॉटेलचा कोर्स केलाय आणि त्यातून तो चार वाक्यं घेऊन आला. नमस्कार, आपलं स्वागत आहे. पाणी साधं की बाटलीचं? ऑर्डर ठरली की बेल दाबा. आपला अभिप्राय जरूर कळवा. एका टेबलाला चार वाक्यं, पाचवं वाक्य म्हणजे गप्पा. विचारलेल्याला उत्तर द्यायचं, तेही एका ओळीत. बापाने चेहरे काढून घेतले होते, मुलाने शब्द काढून घेतले, आणि दोघांनाही सहदेवने बरं शेठ म्हटलं. बेल गेल्या दिवाळीत आली. प्रत्येक टेबलावर एक बटण आणि प्रत्येक वेटरच्या मनगटावर घड्याळासारखा काळा पट्टा. बटण दाबलं की पट्टा थरथरतो आणि त्यावर टेबलाचा आकडा उमटतो. पहिले पंधरा दिवस सहदेवला टिटवाळ्याच्या खोलीत दाढी करतानाही मनगट थरथरल्यासारखं वाटे, आणि तो साबण लावलेल्या तोंडाने मागे वळून बघे. खोलीत बोलावणारं कोणी नव्हतं. बायको गेली तेव्हा अक्षदा नऊ वर्षांची होती. सकाळी आठला बाहेर पडून शेवटच्या गाड्यांनी परतणाऱ्या माणसाने पोर सांभाळायची कशी, म्हणून तिची मावशी वैशाली तिला डोंबिवलीला घेऊन गेली, थोडी मोठी होईपर्यंत. ती मोठी झाली, पण परत आणायचं राहून गेलं. त्याची सुट्टी मंगळवारी, तिची रविवारी. रोज फोन होई. जेवलास? जेवलो. तू? जेवले. पंधरा वर्षं दोघं एकमेकांना हेच सांगत होते आणि पुष्कळदा त्यातलं त्याचं उत्तर खोटं असे.

मोरीवर उभं राहून त्याने विचार केला, आणि तो विचार त्या वेळी त्याला अगदी शहाणपणाचा वाटला. मुलगा पांढऱ्या शर्टातला, बाह्या कोपरापर्यंत नीट दुमडलेल्या, नखं स्वच्छ. चांगल्या घरचा आहे. तिने त्याला सांगितलेलं नसणार. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या धंद्यापुढे "हॉटेल व्यवसाय" लिही असं त्यानेच तिला शिकवलं होतं, आणि दहा वर्षं ती तसंच सुवाच्य अक्षरात लिहीत आली. आता ती कुठल्या तरी हॉटेलात जायचं म्हणून मुलाबरोबर शिरली असेल, आणि आत आल्यावर तिला कळलं असेल की हेच ते हॉटेल. बिचारी घाबरली असेल. तिला वाचवायला पाहिजे. वाचवायची एकच रीत त्याला येत होती, आणि ती त्याला ठाण्यात कोणाहीपेक्षा चांगली येत होती. शिवाय सात नंबरच्या बरोबर वर कॅमेरा होता. ऑर्डर घ्यायला गेला तेव्हा अक्षदाने मेनूकार्ड मिटून ठेवलं होतं. "तुम्ही सांगा ना," ती म्हणाली, "इथलं काय चांगलं असतं?" जन्मात तिने त्याला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. त्याला वाटलं, शहाणी आहे पोरगी, बरोबर निभावून नेतेय. "सगळंच चांगलं आहे, मॅडम," तो म्हणाला. त्याने वहीवर नजर ठेवली होती. तेवढ्यात तो मुलगा खुर्ची मागे सारून अर्धवट उठला, टेबलाच्या कडेने बाहेर यायला लागला. जेवणाआधी माणूस असा अवघडून उठला की त्याला काय हवं असतं हे नवा पोऱ्यासुद्धा सांगेल. "वॉशरूम डावीकडे, सर," सहदेव म्हणाला आणि हाताने दिशा दाखवली. मुलगा तसाच उभा राहिला. त्याने अक्षदाकडे बघितलं. मग तो डावीकडे गेला. अक्षदाने मेनूकार्ड पुन्हा उघडलं आणि दोन थाळ्या सांगितल्या.

त्यानंतर सात नंबरची बेल तीनदा वाजली. पहिल्यांदा वाजली तेव्हा तो पळतच गेला. अक्षदाचा हात बटणावर होता. "काही नाही," ती म्हणाली, "चुकून दाबलं." दुसऱ्यांदा भात वाढून झाल्यावर वाजली. तेव्हाही ती म्हणाली, "चुकून दाबलं." तिसऱ्यांदा थाळ्या संपल्या होत्या, दोघांचे हात कोरडे पडले होते, मनगटावर सात हा आकडा कितीतरी वेळ थरथरत राहिला. तो गेला. मुलगाच म्हणाला, "चुकून झालं, काका. सॉरी." सहदेवने मान लववली आणि चौथं वाक्य म्हटलं, आपला अभिप्राय जरूर कळवा. ती दोघं निघाली तेव्हा तो मुद्दाम सहा नंबरपाशी पाठ करून उभा राहिला, जाताना तिला अवघड होऊ नये म्हणून. काचेचं दार मिटल्याचा आवाज आल्यावर त्याने सात नंबर पुसला. तिने पाणी प्यायलं नव्हतं. ग्लास बोटभर कमी होता तो तसाच बोटभर कमी होता. त्याला अजूनही वाटत होतं की आपण चांगलं काम केलं, आणि तरीही तेच टेबल त्याने दुसऱ्यांदा पुसलं.

चार वाजता दुपारचं हॉटेल बंद होतं आणि संध्याकाळी सातला उघडतं. मधल्या वेळात देवेशचा फोन येतो, कुंडलिक तो स्पीकरवर टाकतो आणि सगळे वेटर काउंटरभोवती उभे राहून दिवसाचे अभिप्राय ऐकतात. बहुतेक अभिप्राय शिव्यांचे असतात, त्या देवेश शांतपणे वाचतो. आज तो खुशीत होता. "टेबल सात," तो म्हणाला, "पाच स्टार. लिहिलंय बघा काय. वाढणारे एक शब्दही जास्त बोलले नाहीत. सात वेळा टेबलाशी आले, एकदाही आमच्याकडे बघितलं नाही. असं कुठेच बघितलं नव्हतं." मग देवेश हसून म्हणाला, ह्याला म्हणतात सर्व्हिस, काकांसाठी टाळ्या होऊन जाऊ द्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बावीस वर्षांत सहदेवसाठी टाळ्या पहिल्यांदाच वाजल्या, आणि त्या वाजेपर्यंत त्याला कळून चुकलं होतं. सात वेळा. तिने मोजलं होतं. कुंडलिकने टाळ्या वाजवता वाजवताच त्याच्याकडे झुकून सांगितलं, की ती पोरगी आल्या आल्या काउंटरवर आलेली, सहदेव वाढतात तेच टेबल पाहिजे म्हणाली, वीस मिनिटं थांबली त्यासाठी, दुसरं टेबल देत होतो तर नको म्हणाली. तेव्हा सहदेवला गुरुवारचा फोन आठवला. रविवारी दुपारी असतोस ना, तिने विचारलं होतं, तुला एक दाखवायचंय. मागे स्वयंपाकघरात कुकर शिट्ट्या मारत होता आणि तो म्हणाला होता, असतो की, जाणार कुठे.

त्याने फोनशी तोंड नेलं. म्हणाला, शेठ, मला आत्ता जरा डोंबिवलीला जाऊन यायचंय. देवेश म्हणाला, काका, आज कसं जमेल, सातला पंचवीस जणांचं बुकिंग आहे, कोणाचा तरी साखरपुडा आहे. अर्जंट आहे का काही? "मुलगी आली होती माझी," सहदेव म्हणाला. देवेशने विचारलं, कुठे? "इथेच. सात नंबरवर." बाकीचे वेटर आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

"अहो काका," देवेश म्हणाला, "मग सांगायचं ना. मी काय नाही म्हटलं असतं का? स्वीट डिश पाठवली असती टेबलावर."

आणि त्याचा आवाज खरा होता. सहदेवला त्या आवाजाचा राग आला तेवढा आयुष्यात कशाचाच आला नव्हता, कारण मोरीपाशी उभं राहून केलेल्या त्या शहाण्या विचारात कॅमेरा हा एक खांब होता आणि देवेशने तो सहज उपटून बाजूला ठेवला. पण संध्याकाळचं नाही हां काका, देवेश पुढे म्हणाला, संध्याकाळी तुम्ही पाहिजेच, गेलात तर मग उद्यापासून यायची गरज नाही, सरळ सांगतो. इतकं गोड बोलून त्याने ते सांगितलं की कुंडलिकला ते कळायलाही वेळ लागला. सहदेव म्हणाला, "बरं शेठ," आणि जेवायचं ताट तसंच ठेवून पायऱ्या उतरला.

रविवारचा मेगाब्लॉक होता, लोकल बंद होत्या, म्हणून तो डेपोसमोरून डोंबिवलीकडे जाणाऱ्या बसमध्ये चढला. उन्हाने सीट तापली होती. मुंब्र्याच्या पुढे गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की काळा पट्टा मनगटावरच राहिला आहे. काढावा म्हणून त्याने बक्कल सोडलं आणि पुन्हा लावलं, का ते त्याला सांगता आलं नसतं. शीळफाट्याला बस अडकली आणि तिथे त्याने तिला काय सांगायचं ते जुळवायला घेतलं. मी तुला ओळखलं नाही, असं सांगावं. पण स्वतःच्या पोरीचा आवाज ऐकून ज्याने वर बघितलं नाही, त्याला बाप कोण म्हणेल? बरं, ओळखलं होतं म्हणावं, तर मग त्यानंतर सहा वेळा टेबलाशी जाऊन मॅडम मॅडम काय करत होतास? दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि एक सांगायला गेलं की दुसरी जास्त काळी दिसायची. त्याला तिच्या शाळेचं स्नेहसंमेलन आठवलं. ती पाचवीत होती. तो हॉटेलातून निघून तडक गेला होता, काळी पँट, पांढरा शर्ट. दाराशी एका बाईंनी त्याच्या हातात चहाचा ट्रे दिला आणि म्हणाल्या, पाहुण्यांना द्या पटकन. त्याने दिला. पहिल्या रांगेपासून शेवटपर्यंत दिला, साखर कमी कोणाला हवी तेही विचारलं. परी झालेली अक्षदा विंगेतून ते बघत होती. रात्री तिने विचारलं, तू सांगितलं का नाहीस की तू माझा बाबा आहेस? त्याला तेव्हा वाटलं होतं की तिला लाज वाटली. तेवढ्यावरून त्याने ठरवलं की तिच्या लोकांसमोर आपण फार यायचं नाही, आणि मग तो तिच्या दहावीच्या सत्काराला गेला नाही, कॉलेजात गेला नाही, लॅबमध्ये तर कधीच नाही. तिने काय विचारलं होतं ते त्याने आज, चौदा वर्षांनी, शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्यांदा ऐकलं. तू सांगितलं का नाहीस. एवढंच विचारलं होतं तिने. आणि मग पांढऱ्या शर्टातला तो मुलगा त्याला पुन्हा दिसला, खुर्ची सारून अर्धवट उठलेला, टेबलाच्या कडेने बाहेर येताना कमरेत किंचित वाकलेला. कोणी कधी बाथरूमला जायला असं वाकत नाही. तो पाया पडायला उठला होता. सहदेवने तळहाताने तोंड झाकलं. शेजारच्या बाईने त्याला उलटी होतेय असं समजून खिडकीकडची जागा दिली.

मानपाड्याला उतरला तेव्हा सहा वाजून गेले होते. सातला खोपटला पोचणं आता देवालाही शक्य नव्हतं. वैशालीच्या बिल्डिंगचे तीन मजले चढून त्याने बेल दाबली. दार अक्षदाने उघडलं. मावशी भिशीला गेली होती. ती एकटीच होती, दुपारच्याच कपड्यांत, आणि पोपटी कुर्ता होता तो. दुपारभरात सात वेळा तिच्याजवळ जाऊन त्याला रंगसुद्धा दिसला नव्हता. तिचे डोळे सुजले होते. "बस," ती म्हणाली. तो सोफ्याच्या कडेवर बसला आणि ती पाणी घेऊन आली तेव्हा उठून उभा राहिला. कोणी हातात काही घेऊन समोर उभं असताना त्याला बसून राहता येत नसे, लग्नाच्या पंगतीतसुद्धा तो शेवटी स्वयंपाक्यांत उभा राहून जेवे. "बस रे," ती पुन्हा म्हणाली.

"अक्षू, मी ओळखलं होतं तुला," तो म्हणाला. बसमध्ये जुळवलेलं सगळं विसरून तेच आधी बाहेर पडलं.

"माहितीये मला."

"पहिल्यांदा नाही ओळखलं. पाणी विचारलं ना, तेव्हा मी वर बघितलंच नव्हतं. ग्लास भरताना कळलं. हात दिसला तुझा."

"आणि बेल दाबली तेव्हा?"

"तेव्हा माहीत होतं."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा," तो म्हणाला. खोटं बोलायची इच्छा त्याला फार झाली, पण चौकशी करायची तिची रीत लॅबमधली होती, सुई टोचून झाल्यावर बोट घट्ट धरून ठेवायची.

तिने मान हलवली. म्हणाली, पहिल्यांदा मी अद्वयला सांगितलं की बाबा गडबडीत असेल. दुसऱ्यांदा पण तेच सांगितलं. तिसऱ्यांदा तोच म्हणाला की राहू दे, अक्षदा. सहदेव म्हणाला, मला वाटलं तू त्याला सांगितलं नसशील, माझं काम. "अरे, पहिल्याच दिवशी सांगितलेलं," ती म्हणाली. "तोच मागे लागलेला, की घरी काय भेटायचं, तिथेच जाऊ, त्यांनी वाढलेलं जेवू." तिचा आवाज फाटला आणि ती आत गेली. आत भांडं आपटल्याचा आवाज आला, मग नळाचा, मग काहीच नाही. गिऱ्हाइकाजवळ केव्हा जायचं आणि केव्हा लांब उभं राहायचं हे सहदेवला झोपेतही कळे. इथे त्याला उठावं की बसावं कळेना. खिशात फोन वाजला. देवेशचं नाव होतं. फोन वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. सात वाजायला दहा मिनिटं होती. बावीस वर्षांच्या नोकरीचा शेवट आपण सोफ्याच्या कडेवर बसून ऐकतोय हे त्याला कळत होतं आणि त्याचं भय वाटायला हवं तेवढं वाटत नव्हतं. आत ती काय करतेय एवढंच तो ऐकत होता.

ती दारात येऊन उभी राहिली. "जेवलास?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

तिने टीपॉय ओढला, सकाळचं वरण गरम केलं, भात वाढला, वांग्याची भाजी वाढली. ती वाढत असताना तो मांडीखाली हात दाबून बसला होता, नाहीतर ते आपसूक ताटाकडे गेले असते. वाढून झाल्यावर ती मागे सरली आणि स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. भिंतीकडे बघत, एक हात पाठीमागे. तो नेहमी जसा उभा राहतो तशीच. ती मुद्दाम करत होती की नाही हे त्याला कळलं नाही. गिऱ्हाइकं जेवतात तेव्हा ती किती एकटी असतात हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं. तिला बस म्हणावं असं त्याला फार वाटत होतं, आणि बस म्हणायचा अधिकार आपल्याला आहे की नाही याची खात्री नव्हती. दोन घास झाले. तिसरा हातात राहिला. मग त्याने दुसरा हात वर केला, खांद्याइतकाच, दोन बोटं उचलून, गिऱ्हाइकं करतात तसा. हा हात त्याने हजारदा पाहिला होता, स्वतः कधी वर केला नव्हता. पट्टा सरकून कोपराकडे गेला.

अक्षदाने बघितलं. "काय हवंय?"

"काही नाही," तो म्हणाला. "चुकून."

ती तशीच उभी राहिली. तिची हनुवटी हलायला लागली ती तिने दातांनी ओठ धरून थांबवली. मग तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि ती बसली, जरा लांब, दाराशीच. खालून भाजीवाल्याचा आवाज येत होता. तो जेवत होता आणि ती त्याच्या ताटाकडे बघत होती.

"मीठ कमी झालंय का?" तिने विचारलं.

सगळंच चांगलं आहे, हे वाक्य त्याच्या जिभेवर आलं होतं. "हो," तो म्हणाला, "जरासं कमी आहे."

ती उठली, आतून मिठाची बरणी घेऊन आली, ताटाच्या कडेला चिमूटभर मीठ ठेवलं आणि स्टूल टीपॉयजवळ ओढून बसली.